दोन पेढ्या, एक वही: सिंक करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट

नेहमीप्रमाणे हे आपल्या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका साध्या प्रयोगाने करू. तुमचा फोन टेबलावर ठेवा, शेजारी लॅपटॉप ठेवा. मधे अंतर किती? एक वीत. आता फोनमधला एक फोटो लॅपटॉपवर घ्यायचाय. आपल्यापैकी बहुतेक जण काय करतात? स्वतःलाच व्हॉट्सॲप करतात, नाहीतर ईमेल करतात. म्हणजे तो फोटो घरातून निघतो, कुठल्यातरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये जातो, तिथे त्याची एक प्रत राहते, आणि मग तो परत त्याच टेबलावर येतो. शेजारच्या काकूंना वाटीभर साखर द्यायची आणि त्यासाठी ती आधी कुरियरने दिल्लीला पाठवायची, असला हा प्रकार.

हे असं का झालं? दोन यंत्रांनी एकमेकांशी थेट बोलायची सोय कधी नव्हतीच का? तर होती. आणि ती ज्यांनी घडवली त्यांची गोष्ट मोठी रंजक आहे. माझी स्वतःचीही एक गोष्ट त्यात अडकलेली आहे, तीही ओघात येईलच.

कॅनबेरा, १९९६

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. तिथल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा संशोधक होता. याच माणसाने त्याआधी, १९९२च्या सुमारास, सांबा लिहायला घेतलं होतं. युनिक्स आणि विंडोज यांना एकमेकांच्या फाइली वाटून घेता याव्यात म्हणून केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. आता त्याच्यापुढे दुसरा प्रश्न होता, आणि तो आपल्याला आजही ओळखीचा वाटेल: लाइन मंद आहे आणि फाइल मोठी आहे. त्यातून फाइलीत बदल झालाय तो चिमूटभर. मग सगळी फाइल पुन्हा का पाठवायची?

तुम्ही म्हणाल, जेवढं बदललं तेवढंच पाठवा की. पण काय बदललं हे कळायला जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती एका जागी हव्यात. इथे तर नवी प्रत एका टोकाला आणि जुनी दुसऱ्या टोकाला. तुलना करायला फाइल पाठवावी लागणार, आणि पाठवायचंच तर नकोय. खरी मेख इथे आहे.

ट्रिजेल आणि त्याचा सहकारी पॉल मॅकेरास यांनी यावर जो तोडगा काढला, तो मी वहीच्या भाषेत सांगतो. समजा एका व्यापाऱ्याच्या दोन पेढ्या आहेत, एक पुण्यात, एक मुंबईत. दोन्हीकडे एकच खतावणी असायला हवी. मुंबईची वही ताजी आहे, पुण्याची मागच्या महिन्यातली. ट्रंक कॉल महाग, त्यामुळे सगळी वही फोनवर वाचून दाखवणं परवडत नाही. मग पुण्याचे दिवाणजी काय करतात? आपल्या वहीचे पन्नास-पन्नास ओळींचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याची बेरीज मारतात, आणि फक्त बेरजा मुंबईला कळवतात. मुंबईचे दिवाणजी आपल्या वहीत शोधतात: ही बेरीज माझ्याकडे कुठे जुळते का? जिथे जुळली तो तुकडा पुण्यात आहेच, पाठवायची गरज नाही. जिथे जुळत नाही तेवढ्याच ओळी वाचून दाखवायच्या.

आता इथे एक अडचण येते. मुंबईत कोणी पहिल्याच पानावर एक नवी ओळ घातली असेल तर? सगळे तुकडे एकेक ओळ खाली सरकणार आणि एकही बेरीज जुळणार नाही. म्हणून मुंबईच्या दिवाणजींनी एकेक ओळ सरकत पाहायला हवं: ओळ १ ते ५०, मग २ ते ५१, मग ३ ते ५२. प्रत्येक वेळी पन्नास आकडे नव्याने मिळवायचे म्हटलं तर बिचारे थकून जातील. पण ते मिळवायची गरजच नाही. वरून जी ओळ सुटली ती वजा करा, खालून जी आली ती मिळवा. झाली नवी बेरीज! सरकत जाणारी ही बेरीज हा या सगळ्या युक्तीचा प्राण आहे.

आणि योगायोगाने दोन वेगळ्या तुकड्यांची बेरीज सारखीच आली तर? त्यासाठी दुसरी, जास्त कडक तपासणी. पहिली बेरीज ३२ बिटांची, स्वस्त आणि झटपट. ती जुळली तरच दुसरी, १२८ बिटांची, करून पाहायची.

१९ जून १९९६ला हे सॉफ्टवेअर जाहीर झालं. नाव आरसिंक. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, पुढे वाटावं. १९९९मध्ये ट्रिजेलने पीएचडीचा प्रबंध सादर केला, त्यात एक मोठा भाग याच युक्तीचा होता. आज जगभरच्या सर्व्हरांवर रोज रात्री जे बॅकअप चालतात, त्यातल्या कितीतरी ठिकाणी आरसिंक निमूटपणे आपलं काम करत असतं.

आरसिंकला मधे तिसरं कोणी लागत नाही, हे लक्षात घ्या. हे टोक आणि ते टोक, बस.

खिशातली वही

त्याच वर्षी, मार्च १९९६मध्ये, अमेरिकेत पाम कंपनीचा पायलट बाजारात आला. खिशात मावणारी छोटी डिजिटल डायरी. तिच्यासोबत एक ठाणवई यायची. तीत डायरी ठेवायची, एक बटण दाबायचं, की पत्ते, भेटी, टिपणं सगळं कॉम्प्युटरशी जुळायचं. या जुळवण्याला ते हॉटसिंक म्हणायचे.

त्यातली युक्ती ऐका. डायरीतल्या प्रत्येक नोंदीला एक खूण असायची: मागच्या जुळवणीनंतर ही बदलली की नाही. सिंक करताना फक्त खुणेच्या नोंदी पाहायच्या, म्हणजे काम पटकन उरकतं. पण एक अट होती. मागची जुळवणी याच कॉम्प्युटरशी झालेली हवी. तुम्ही घरी एक आणि ऑफिसात एक असे दोन कॉम्प्युटर वापरत असाल, तर ऑफिसातल्या जुळवणीने खुणा पुसल्या जाणार आणि घरच्याला काहीच कळणार नाही. मग एकेक नोंद ताडून पाहण्याचा लांबचा रस्ता धरावा लागायचा. दोघांत हिशेब सोपा असतो. तिसरा आला की तो अवघड होतो, मग ती यंत्रं असोत नाहीतर भाऊबंद!

हॉटसिंक चालायचं ते विंडोज आणि मॅकवर. लिनक्स वापरणाऱ्यांनी काय करायचं? त्यांच्यातल्या काही जणांनी बसून पायलट-लिंक नावाचं मुक्त साधन लिहिलं. लगोलग तोच खेळ मोबाइल फोनांच्या बाबतीत सुरू झाला. फोनला केबल होती, पण त्या केबलवरून फोन नेमक्या कुठल्या भाषेत बोलतो हे कंपन्या सांगत नव्हत्या. मग ऑस्ट्रेलियाच्या ह्यू ब्लेमिंग्जने नोकिया फोनांसाठी नोकी नावाचा प्रकल्प सुरू केला. केबलवरून जाणारे आकडे टिपायचे, कुठल्या आकड्यांनंतर काय होतं ते पाहायचं, आणि त्यावरून भाषा उलगडत जायची. परक्या गावच्या बाजारात उभं राहून, कोण काय मागतं आणि त्याला काय मिळतं हे पाहत ती भाषा शिकावी, तसं. त्याच वाटेने पुढे पोलंडच्या मार्चिन व्यांचेकने गॅमू हे साधन घडवलं, आणि नंतर चेक प्रोग्रॅमर मिखाल चिहार याने ते वर्षानुवर्षं सांभाळलं.

आता माझी गोष्ट.

माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्याकडे एक साधा, बटणांचा फोन होता. त्यात त्यांचे एसएमएस होते. आईला पाठवलेले, ताईला पाठवलेले, मला पाठवलेले. सगळे रोमन लिपीत मराठी, कारण त्या फोनवर देवनागरी टंकायची सोय नव्हती. आणि सोय असती तरी देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७०च अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. बाबा काटकसरी माणूस, त्यांनी रोमनच वापरली असती. "Pohochlo. Jevan zala." अशा धाटणीचे ते मेसेज. त्यात साहित्य वगैरे काही नाही. पण ते त्यांचे होते.

फोनची बॅटरी फुगायला लागली होती. दुकानात विचारलं तर म्हणाले, नंबर काढून देऊ, मेसेज नाही निघत. फोनसोबतचं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर चालेना. मग एका मित्राने गॅमूचं नाव सांगितलं. एक जुनी केबल शोधली, एक अख्खी संध्याकाळ खटपट केली, आणि रात्री सगळे मेसेज एका साध्या मजकुराच्या फाइलीत येऊन बसले. तारखांसकट, वेळेसकट. कुठल्यातरी पोलिश आणि चेक माणसाने, मला कधी न भेटता, माझ्या बाबांचे मेसेज मला काढून दिले. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मला व्याख्या आठवत नाही, ती रात्र आठवते.

खरी प्रत कोणती?

आता थोडं मागे, पुन्हा १९९०च्या दशकात. आरसिंक एका दिशेने काम करतं: इकडचं तिकडे. पण माणूस दोन्हीकडे लिहितो. सकाळी ऑफिसात एक ओळ बदलतो, संध्याकाळी घरी दुसरी. मग खरी प्रत कोणती?

हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडे हाताने पोथ्या उतरवल्या जायच्या, आणि दर प्रतीत काही ना काही पाठभेद शिरायचा. ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली, हे आपण शाळेत शिकलोय. जुळवणी म्हणजे नुसती नक्कल नव्हे. दोन पाठ वेगळे निघाले की कोणालातरी निर्णय करावा लागतो.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बेंजामिन पिअर्स यांनी हाच प्रश्न गणिती शिस्तीने धसाला लावला. १९९८मध्ये एस. बालसुब्रमण्यम आणि पिअर्स यांनी मिळून एक निबंध लिहिला, त्याचा विषयच मुळी हा होता: फाइली जुळवणारं साधन म्हणजे नेमकं काय, आणि त्याने काय करावं? त्या विचारातून युनिसन हे मुक्त सॉफ्टवेअर पुढे आलं. युनिसन मागच्या जुळवणीच्या वेळी काय होतं याची नोंद जपून ठेवतं. मग दोन्ही बाजू त्या नोंदीशी ताडून पाहतं. एकाच बाजूला बदल असेल तर तो दुसरीकडे नेतं. दोन्ही बाजूंना वेगवेगळा बदल असेल तर थांबतं आणि तुम्हाला विचारतं.

हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. यंत्राला सहज म्हणता आलं असतं की जी फाइल नंतरची ती खरी, संपला विषय. पण नंतरचं ते बरोबर असेलच असं कुठाय? घाईत शेवटी केलेला बदलच चुकीचा असू शकतो.

मधला माणूस

मग ही थेट वाट सोडून आपण दिल्लीला साखर का पाठवायला लागलो?

कारण थेट बोलणं अवघड होत गेलं. घरोघरी राउटर आले. बाहेरून आत येणारी वाट राउटर अडवून धरतो, ते सुरक्षेसाठी बरंच आहे, पण त्यामुळे माझ्या घरचा लॅपटॉप माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला सहजी सापडत नाही. शिवाय दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू हवीत. आणि आरसिंक वापरायचं तर काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायला लागतात. तो काही सगळ्यांचा घास नव्हे.

२००८मध्ये ड्रॉपबॉक्स लोकांसाठी खुलं झालं आणि त्याने या सगळ्या अडचणी एका फटक्यात मिटवल्या. एक फोल्डर, त्यात टाका, सगळीकडे दिसेल. मधे एक सर्व्हर, तो कायम चालू. गंमत बघा, फक्त बदललेला भाग पाठवायची युक्ती त्यांनीही आरसिंकच्या घराण्यातूनच घेतली होती. युक्ती तीच राहिली, पण मधे एक माणूस येऊन बसला. तो सज्जन असेलही. पण वही आता त्याच्या कपाटात आहे, आणि किल्ली त्याच्याकडेही आहे.

जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं उघड केली, तेव्हा हा मधला माणूस लोकांना एकदम दिसायला लागला. त्याच वर्षी बिटटॉरेंट सिंक आलं होतं, ते यंत्रांना थेट जोडायचं. पण त्याचा सोर्स कोड बंद. आत काय चाललंय हे पाहता येत नाही, तर विश्वास ठेवायचा कशावर? आणि २०१३च्या डिसेंबरात स्वीडनच्या याकोब बोर्गने सिंकथिंगची पहिली आवृत्ती सगळ्यांसमोर ठेवली. मुक्त, आणि मधे कोणाची वही नाही.

सिंकथिंगमध्ये खातं उघडावं लागत नाही, पासवर्ड नाही, मोबाइल नंबर नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख असते, ५६ अक्षरांची, त्याच्या सुरक्षा-प्रमाणपत्रातून काढलेली. मी तुझी ओळख माझ्याकडे नोंदवतो, तू माझी तुझ्याकडे नोंदव. दोघांनी होकार दिला तरच बोलणं सुरू. जुन्या काळी सोयरीक जुळवताना व्हायचं तसं, एका बाजूच्या होकाराने काही होत नाही. वाट अडली तर मधले रिले सर्व्हर निरोप पोचवतात, पण पाकीट बंद असतं, त्यांना आतलं वाचता येत नाही. आणि एकाच फाइलीत दोन्हीकडे बदल झाले, तर एक प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवली जाते. काही टाकलं जात नाही, निर्णय तुमच्यावर सोडलेला असतो.

२०१३मध्येच अल्बर्ट वाका या प्रोग्रॅमरने केडीई कनेक्ट सुरू केलं. फोन आणि कॉम्प्युटर एका वायफायवर असले की फाइली, सूचना, अगदी कॉपी केलेला मजकूरसुद्धा इकडून तिकडे जातो. टेबलावरच्या त्या वीतभर अंतरासाठी याहून सरळ उपाय मला ठाऊक नाही.

आणि आता माझी चूक

इथवर ऐकून वाटेल की मी मुक्त सॉफ्टवेअरची आरती ओवाळतोय. तर थांबा.

काही वर्षांपूर्वी मी लॅपटॉप बदलला. बाबांच्या मेसेजची फाइल, त्यांचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये होतं. नव्या लॅपटॉपवर न्यायला मी आरसिंक वापरलं. त्यात एक पर्याय असतो: जे मूळ जागी नाही, ते पोचत्या जागीही पुसून टाक, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. रात्रीचा एक वाजला होता आणि मी मूळ जागा आणि पोचती जागा यांची अदलाबदल केली. रिकामं फोल्डर मूळ ठरलं, भरलेलं पोचतं. आरसिंकने काही विचारलं नाही. मी जे सांगितलं ते चोख केलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या. रिकाम्या.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, माझा होता. आधी नुसतं करून दाखव, खरं करू नकोस, असं सांगायचीही सोय आरसिंकमध्ये आहे. ती मी वापरली नाही. पण त्या रात्री एक गोष्ट कळली ती कळलीच: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक इमानदार असतं. तुमचं लिहिणं जितक्या इमानाने पोचवतं, तितक्याच इमानाने तुमचं पुसणंही पोचवतं. म्हणूनच सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते.

मुक्त साधनांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती सांभाळणारी माणसं थोडी असतात, आणि बहुतेक जण आपल्या मोकळ्या वेळात हे काम करतात. ऑक्टोबर २०२४मध्ये सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप सांभाळणाऱ्याने जाहीर केलं की डिसेंबरनंतर ते बंद. गूगल प्लेवर ॲप टिकवून ठेवणं जड झालंय आणि देखभालीला हात नाहीत, हे कारण. अनेकांच्या पोटात गोळा आला. पण कोड मुक्त होता. त्याचीच एक वेगळी शाखा आधीपासून दुसरे लोक चालवत होते, बरेच वापरकर्ते तिकडे वळले. कंपनीने सेवा बंद केली की आपल्या हातात एक दिलगिरीचा ईमेल उरतो. इथे निदान अख्खं बियाणं हातात उरलं.

तर बाबांच्या मेसेजचं काय झालं, असं तुम्ही विचारालच. ज्या रात्री गॅमूने ते काढून दिले, त्याच आठवड्यात मी ती फाइल ताईला दिली होती. पेनड्राइव्हवर, हातात. नाशिकला तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती तशीच पडून होती. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अरे, मी ती उघडते कधीकधी." मला हे माहीतच नव्हतं. फोटो काही गेले ते गेलेच. मेसेज परत आले.

आता आमच्या दोघांच्या कॉम्प्युटरांमध्ये सिंकथिंग आहे, जुन्या आवृत्त्या राखायची सोय चालू करून. आणि तरीसुद्धा वर्षातून एकदा, दिवाळीला गेलो की, मी एक पेनड्राइव्ह तिच्या कपाटात ठेवून येतो. तो कशालाही जोडलेला नसतो. त्यावर मी चुकून काही पुसू शकत नाही.

तुमच्या घरातही एखादा जुना फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल. बॅटरी फुगली नसेल तर या रविवारी चार्जिंगला लावून बघा. काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, नमस्कार.